सायकलचा जोडा : पायाला मानवेल तोच सौदा

सायकल घ्यायला आलेले गिऱ्हाईक फ्रेम, गिअर आणि टायर यांची चौकशी तासभर करते. जोड्याचा विषय निघतो तो सगळ्यात शेवटी, खिसा रिकामा झाल्यावर. मग घरात असेल तो चालण्याचा बूट किंवा सँडल घालून काम भागवले जाते. काही जण याच्या अगदी उलट करतात. मित्राने घेतला म्हणून शर्यतीचा महागडा जोडा घेतात आणि महिन्याभरात तो कपाटात टाकतात. दोन्ही प्रकारांत नुकसान गिऱ्हाइकाचेच होते.

वास्तविक सायकलस्वाराचा सायकलशी संबंध तीन ठिकाणी येतो : हात, बैठक आणि पाय. यांपैकी गाडी पुढे ढकलतो तो पाय. मिनिटाला सत्तर फेरे धरले तर प्रत्येक पाय तासाला 4,200 वेळा पेडल दाबतो. अर्धा तास जाणे आणि अर्धा तास येणे असा ज्याचा रोजचा प्रवास आहे, त्याचा दिवसाचा आकडा हा झाला. जो सुट्टीच्या दिवशी दहा तास सायकल चालवतो, त्याचा प्रत्येक पाय 42,000 वेळा दाब सोसतो. जोड्यातली एक चुकीची शिवण किंवा बोटभर कमी रुंदी इतक्या वेळा टोचली तर काय होईल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांत सायकलला पुन्हा मान मिळू लागला आहे. डॉक्टरांनी सांगितले म्हणून पन्नाशीचे व्यापारी सकाळी सायकल काढतात. तरुण मुले लांबच्या सफरी करतात. कारागीर, डिलिव्हरीवाले आणि विद्यार्थी यांची सायकल तर कधी सुटलीच नव्हती. बाजारात यांच्यासाठी जोडेही आले आहेत. परंतु कोणता जोडा कोणासाठी, हे सांगणारा दुकानदार सगळीकडे भेटत नाही. म्हणून ही माहिती देत आहोत.

दोन प्रकारची गिऱ्हाइके

पहिले गिऱ्हाईक रोज कामावर जाणारे. त्याची सफर पाच-दहा किलोमीटरची असते, पण तो दिवसभर त्याच जोड्यात वावरतो. सिग्नलला पाय टेकतो, जिने चढतो, बाजारात फिरतो. घरी, मशिदीत, कधी दवाखान्यात जोडा काढतो व पुन्हा घालतो. याला असा जोडा हवा जो सायकलवर बरा आणि जमिनीवर उत्तम असेल.

दुसरे गिऱ्हाईक लांबच्या सफरीचे. यात ‘ब्रेव्हे’ नावाचा प्रकार आपल्याकडे चांगला रुजला आहे. ही शर्यत नसते, ठरलेल्या वेळेत ठरलेले अंतर पुरे करायचे असते. 200 कि.मी.साठी साडेतेरा तास, 300 साठी 20 तास, 400 साठी 27 तास आणि 600 कि.मी.साठी 40 तास मिळतात. नियम फ्रान्सच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या संस्थेचे असून भारतात ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स ही संस्था हे काम पाहते. या प्रकारातली सर्वांत नावाजलेली सफर म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. ती 1891 मध्ये सुरू झाली. आता ती चार वर्षांतून एकदा होते, अंतर सुमारे 1,200 कि.मी. आणि कमाल मुदत 90 तास असते. 2019 आणि 2023 या दोन्ही वेळी भारतातून मोठ्या संख्येने सायकलस्वार तेथे गेले होते. त्याहून खडतर म्हणजे अमेरिका आरपार ओलांडणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती 2015 मध्ये दोघांच्या संघाने पुरी केली. 2017 मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. असे लोक झाले म्हणून आज जिल्ह्याच्या गावांतही मुले दोनशे कि.मी.ची तयारी करताना दिसतात.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ब्रेव्हेवालाही चालतो. ठरलेल्या ठाण्यावर शिक्का किंवा पावती घ्यायची असते, धाब्यावर जेवायचे असते, घाटात दम संपला तर सायकल हातात धरून चढायचे असते. त्यामुळे टी.व्ही.वरच्या शर्यतीतला जोडा त्याच्याही कामाचा नसतो. जोडा निवडताना पहिला प्रश्न ‘किती कि.मी. चालवणार?’ हा असतोच, पण त्याच्याबरोबरीचा दुसरा प्रश्न म्हणजे ‘उतरून किती चालणार?’ बहुतेक चुकीचे सौदे हा दुसरा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

सोल : कडक किती, मऊ किती?

धावण्याच्या बुटाचा सोल मुद्दाम मऊ केलेला असतो. जमिनीचा धक्का त्याने शोषून घ्यावा, ही अपेक्षा असते. सायकलवर असा धक्का नसतो. तेथे पायाचा सारा जोर तळहाताएवढ्या पेडलवर पडतो. मऊ सोल प्रत्येक दाबाला चेपतो व वाकतो. थोडा जोर त्यातच जिरतो आणि पेडलची कड चवड्याला जाणवू लागते. तासाभरात काही वाटत नाही, पण चार-पाच तासांनी तळपाय जळजळतो, बोटे बधिर होतात. चवड्यातल्या नसा दाबल्या गेल्याचे हे लक्षण आहे.

म्हणून सायकलच्या जोड्याचा सोल कडक असतो. साध्या जोड्यात नायलॉन, त्यावरच्या दर्जात काचतंतू मिसळलेले नायलॉन आणि महागात कार्बन. कार्बन हलका व सर्वांत कडक असतो, पण कडकपणा जितका जास्त तितका आराम जास्त, असा गैरसमज करून घेऊ नये. रात्रभर चालणाऱ्या सफरीत अतिशय कडक सोल काहींच्या पायाला सोसत नाही. शर्यतीत एकेका सेकंदाची किंमत असते. कामावर जाणाऱ्याला आणि ब्रेव्हेवाल्याला मध्यम कडक नायलॉनचा सोल पुष्कळ झाला.

दुकानात तपासायची रीत सोपी आहे. एका हाताने टाच आणि दुसऱ्या हाताने पुढचे टोक धरून जोडा वाकवावा. बोटांपाशी थोडा वाकला तर हरकत नाही, चालताना तेवढे वाकणे लागतेच. मधोमध, तळपायाच्या कमानीखाली दुमडला तर तो जोडा लांबच्या सफरीचा नव्हे. नंतर चवड्याच्या जागी खालून अंगठ्याने जोरात दाबावे. आत हात घालून तो दाब जाणवला तर पेडलही तसेच जाणवणार.

पेडलला अडकणारा जोडा

पूर्वी शर्यतवाले पेडलवर लोखंडी पिंजरा व चामडी पट्टा लावून पाय बांधत. त्याला ‘टो-क्लिप’ म्हणत. फ्रान्सची लूक ही कंपनी बर्फावर घसरण्याच्या स्कीची बंधने बनवत असे. तिने 1984 मध्ये तीच कल्पना सायकलवर आणली. जोड्याच्या तळाला एक खुंटी, तिचे नाव क्लीट, ती पेडलमध्ये खटकन बसते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. 1985 ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनो यांनी हेच पेडल वापरून जिंकली आणि पिंजऱ्याचे दिवस संपले. पिंजरा गेला म्हणून या पेडलला ‘क्लिपलेस’ म्हणतात. पाय अडकतो तरी नाव मात्र ‘क्लिपशिवाय’! नवीन गिऱ्हाईक येथेच गोंधळते.

आज बाजारात याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात क्लीट तीन स्क्रूंनी बसते. ती मोठी, प्लास्टिकची आणि सोलच्या बाहेर आलेली असते. फरशीवर घसरते, चालताना झिजते व खर्च वाढवते. दुसऱ्यात क्लीट दोन स्क्रूंची, लहान व धातूची असते. जपानच्या शिमानो कंपनीने 1990 मध्ये डोंगरी सायकलींसाठी ही एसपीडी पद्धत काढली. यात क्लीट सोलच्या खोबणीत बसते, त्यामुळे माणूस जवळजवळ साध्या बुटासारखा चालू शकतो. शर्यत करायची नसेल तर लांबच्या सफरीला दोन स्क्रूंचाच जोडा घ्यावा. रोजच्या कामाला तीन स्क्रूंचा जोडा कोणी गळ्यात मारत असेल तर नम्रपणे नकार द्यावा. ओल्या फरशीवर त्याने पाय घसरून मनगट मोडले तर औषधपाणी जोड्याच्या किमतीपेक्षा महाग पडेल.

क्लीट घेतानाही निवड आहे. शिमानोची एसएच-51 क्लीट टाच बाजूला वळवली की सुटते. एसएच-56 अनेक दिशांनी सुटते. नवशिक्याला दुसरी बरी. भिंतीला हात टेकून पन्नास वेळा अडकवण्या-सोडवण्याचा सराव केल्याशिवाय रहदारीत जाऊ नये. क्लीटची जागाही महत्त्वाची आहे. ती अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या थोडी मागे आणि पायाच्या नैसर्गिक कोनात असावी. कोन चुकला की त्याचा दाब गुडघ्यावर येतो. नवी क्लीट लावल्यावर गुडघा दुखू लागला तर आधी क्लीट तपासावी.

ज्याला अडकवणे नकोच आहे त्याने संकोच करू नये. भिवंडी, मालेगाव किंवा जुन्या पुण्याच्या गर्दीत दर शंभर पावलांवर पाय टेकावा लागतो. तेथे रुंद सपाट पेडल आणि त्यावर पकड घेणारा, थोडा कडक रबरी सोलचा बूट हाच शहाणपणाचा सौदा आहे.

वरचे कापड : येथे आमचा धंदा उपयोगी पडतो

जोड्याचा वरचा भाग, ज्याला अप्पर म्हणतात, तो पुष्कळदा कापडच असतो. कापडवाल्याच्या नजरेने तो असा पाहावा.

जाळीदार निट कापड हवा खेळवते, ताणते, उन्हाळ्यात सुखाचे वाटते. पण फक्त जाळीचा जोडा जोर लावताना पायाला धरून ठेवत नाही, म्हणून त्यावर न ताणणाऱ्या पट्ट्या शिवलेल्या किंवा चिकटवलेल्या असाव्यात. पीयूचा थर दिलेले कृत्रिम चामडे चांगले टिकते. पीव्हीसीचा थर स्वस्त असतो, पण दुमडीवर लवकर तडकतो. सुती कॅनव्हास दिसायला झकास व रोजच्या छोट्या प्रवासाला चालतो, मात्र पावसात तो पाणी पितो व दिवसभर सुकत नाही.

याचे कारण धाग्यातच आहे. कापडाच्या व्यापारात धाग्याने हवेतली ओल किती धरावी याचे ठरलेले प्रमाण असते. सुतासाठी ते 8.5 टक्के आहे, पॉलिएस्टरसाठी फक्त 0.4 टक्के. लोकर तर 16 टक्क्यांच्या आसपास जाते. यावरून मोज्यांचाही निकाल लागतो. सुती मोजा घाम शोषतो खरा, पण तो तसाच धरून बसतो. ओला सुती मोजा कातडीला घासला की फोड येतात. लांबच्या सफरीला पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे, अथवा बारीक मेरिनो लोकरीचे मोजे घ्यावेत. लोकर ओल धरूनही अंगाला ओली लागत नाही आणि तिला वासही कमी येतो. वजू करून लगेच जोडा घालणाऱ्यांनी बोटांच्या बेचक्या पुसून मगच मोजा चढवावा. ओल बंद राहिली की बुरशी धरते.

पावसाळ्यासाठी एक पर्याय फारसा कोणाला ठाऊक नसतो : एसपीडी क्लीट बसणारे सँडल. शिमानोनेच ते बनवले आहेत. पाणी आले तसे निघून जाते. बंद जोडा भिजलाच तर आतली गादी बाहेर काढावी, जुने वर्तमानपत्र कोंबावे, तासाभराने बदलावे आणि सावलीत वाळवावे. कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवल्यास चिकटवण सुटते.

नाडी, पट्टी की चकती?

नाडीचा जोडा स्वस्त असतो व पायावर एकसारखा बसतो. पण नाडीचे टोक उजव्या बाजूच्या साखळीत अडकण्याचा धोका असतो, ते आत खोचावेच. शिवाय चालत्या सायकलवर नाडी सैल करता येत नाही. चिकटपट्टीचा जोडा काढायला-घालायला झटपट, म्हणून दिवसातून चार वेळा जोडा काढणाऱ्याला सोयीचा. तिच्या आकड्यांत सूत व माती अडकली की पकड कमी होते, जुन्या टूथब्रशने साफ करावी. फिरवायची चकती असलेला जोडा महाग, पण लांबच्या सफरीत फायद्याचा. उन्हात तासन्‌तास सायकल चालवल्यावर पाय सुजतात, तेव्हा एका बोटाने जोडा सैल करता येतो. चकतीची तार तुटली तर बदलून मिळते का, हे घेतानाच विचारावे.

माप : आकड्यावर विश्वास ठेवू नका

हे जोडे बहुधा युरोपी आकड्यांत येतात. त्यात एक आकडा म्हणजे सुमारे 6.7 मि.मी.चा फरक. आपल्या सवयीच्या इंग्रजी मापात एक आकडा म्हणजे सुमारे 8.5 मि.मी. दोन्हींचा मेळ पूर्ण बसत नाही. म्हणून कागदावर उभे राहून दोन्ही पायांची रेघ ओढावी, लांबी व रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजावी आणि मोठ्या पायाचे माप धरावे.

रुंदीचा प्रश्न आपल्याकडे खास आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. आपले पाय परदेशी मापांच्या मानाने रुंद असल्याचे त्यात आढळले, आणि ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. परदेशी साच्यावर बेतलेला अरुंद जोडा आपल्या चवड्याला का आवळतो, ते यावरून कळते. त्यावर उपाय म्हणून पुष्कळ लोक एक माप मोठा जोडा घेतात. मग टाच आत वर-खाली होते व घासते. खरा उपाय रुंद साच्याचा जोडा मागण्याचा आहे. काही कंपन्या एकाच लांबीत रुंद जोडाही देतात.

खरेदी संध्याकाळी करावी, कारण तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. सफरीत घालणार तेच मोजे घालून पाहावे. पुढे साधारण बोटाच्या रुंदीइतकी जागा असावी, बोटे हलावीत, टाच मात्र उचलली जाऊ नये. दुकानात दहा मिनिटे घालून बसावे. ‘वापरून सैल होईल’ हे वाक्य चामड्याच्या जोड्याला काहीसे लागू आहे, कृत्रिम मालाला नाही. आणि नवा जोडा थेट दोनशे कि.मी.ला नेऊ नये. आधी आठ-दहा छोट्या फेऱ्या कराव्यात.

मधुमेहींनी विशेष लक्ष द्यावे

डॉक्टरांच्या सल्ल्याने सायकल सुरू करणाऱ्यांत मधुमेही पुष्कळ असतात. या आजारात पायाची संवेदना कमी होऊ शकते. जोडा चावतो आहे हेच कळत नाही, आणि लहानसा फोड पुढे मोठी जखम होतो. अशांनी घट्ट व अति कडक जोडा टाळावा, आतून शिवण टोचत नाही ना ते हाताने पाहावे, रोज घरी आल्यावर दोन्ही तळपाय उजेडात तपासावेत आणि लांबच्या सफरीपूर्वी डॉक्टरांना पाय दाखवावेत. येथे प्रश्न आरामाचा उरत नाही, पाय वाचवण्याचा असतो.

पैशाचा हिशेब

22 सप्टेंबर 2025 पासून जोडीमागे 2,500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी 5 टक्के आणि त्यापुढे 18 टक्के झाला आहे. समजा करापूर्वी किंमत 2,400 रुपये आहे, तर कर 120 धरून 2,520 पडतात. करापूर्वी 2,600 असेल तर कर 468, म्हणजे 3,068 द्यावे लागतात. मूळ किमतीत फरक 200 चा, खिशातून 548 चा. रोजच्या वापराचा जोडा पाहताना ही सीमारेषा ध्यानात ठेवावी. लांबच्या सफरीच्या जोड्यात क्लीट व पेडल यांचा खर्च वेगळा धरावा, कारण ती बहुधा जोड्याबरोबर मिळत नाहीत.

स्वस्त मालाच्या सेलमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत न वापरताही वर्षांनी कुजतो व भुगा होऊन पडतो. मुंबई व कोकणच्या हवेत हे लवकर घडते. खोक्यावर निर्मितीचा किंवा आयातीचा महिना व वर्ष छापलेले असते, ते वाचावे. चार-पाच वर्षे गोदामात पडलेला माल निम्म्या भावातही महागच.

दुकानदार बंधूंना दोन शब्द

सायकलच्या जोड्यांचा धंदा आपल्याकडे अजून नवा आहे. सायकलच्या दुकानात जोड्याची माहिती नसते आणि जोड्याच्या दुकानात सायकलची. ही मधली जागा मोकळी आहे. ज्याच्याकडे दोन-तीन रुंदींचा माल, माप घेण्याची पट्टी, एक जुने पेडल आणि खरे बोलण्याची सवय आहे, त्याच्याकडे गिऱ्हाईक दूरवरून येईल. मोठे भांडवल न गुंतवता आधी दोन प्रकार ठेवावेत : सपाट पेडलचा कडक बूट आणि दोन स्क्रूंचा नायलॉन सोलचा जोडा. शर्यतीचा माल मागणीनुसार मागवावा. ज्याला महाग जोड्याची गरज नाही त्याला ‘हा आपल्या कामाचा नाही’ असे सांगितले तर त्या दिवशीचा नफा जातो, पण तेच गिऱ्हाईक पुढे भावाला आणि मित्राला घेऊन येते.

गिऱ्हाइकाने घरातून निघताना एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून न्याव्यात : रोज किती वेळ सायकल, उतरून किती चालणे, पायाची लांबी-रुंदी आणि पावसाळ्यात वापर आहे की नाही. चिठ्ठी दुकानदारापुढे ठेवावी. जो ती वाचून मग माल काढतो, त्याच्याकडून घ्यावा. जो न वाचताच सर्वांत वरच्या फळीवरचा जोडा काढतो, त्याला सलाम करून पुढच्या दुकानाकडे वळावे.